दोरी हातात हवी, पायात नको!

कॅटामरान म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पहिलं काय येतं? गेटवेचा तिकीट काउंटर, मांडव्याला जाणारी एसी बोट, मागे लागलेले सीगल्स आणि पुढचा अलिबागचा प्लॅन. बरोबर? तीही कॅटामरानच. पण आज जिच्याबद्दल बोलायचंय ती तिची धाकटी, अवखळ बहीण. हिला इंजिन नाही, एसी नाही, खिडकीही नाही. होडीसारखे दोन निमुळते पोकळ भाग, ज्यांना हल म्हणतात. त्या दोघांच्या मध्ये ताणून बांधलेलं मजबूत कापड, म्हणजे ट्रॅम्पोलिन. वर एक डोलकाठी, दोन शिडं आणि... दोऱ्या. जाम दोऱ्या!

हल्ली आपल्याकडची ऑफिसवाली पब्लिक वीकएन्डला सेलिंग शिकायला लागलीय. ट्रेकिंग झालं, बुलेट झाली, मॅरेथॉन झाली, आता पाणी. फोटो तर भन्नाट येतात. एका बाजूचा हल हवेत, खाली फेसाळ पाणी, चेहऱ्यावर गॉगल. पण त्या फोटोत एक गोष्ट दिसत नाही. ट्रॅम्पोलिनवर पसरलेला दोऱ्यांचा पसारा. आजचा कॉलम त्या पसाऱ्यावर. कारण या बोटीवर तुमचा दिवस मजेत जाणार की पाण्यात, हे बरेचदा तोच ठरवतो.

नावातच बांधाबांध

'कॅटामरान' हा शब्द मूळचा आपल्याच देशातला. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणं आणि 'मरम' म्हणजे लाकूड. ओंडके दोरीने एकत्र बांधून कोळी लोक जो तराफा करत, तो कट्टुमरम. दोन हलच्या बोटींना हे नाव नंतर युरोपियनांनी चिकटवलं. आणि आज जगभरातल्या बीचवर जी छोटी कॅटामरान दिसते, तिला लोकप्रिय केलं कॅलिफोर्नियातल्या होबी आल्टर या सर्फबोर्ड बनवणाऱ्या माणसाने, १९६०च्या दशकाच्या अखेरीस. त्याची 'होबी १६' ही बोट लाखाहून जास्त संख्येने बनली. लांबी साधारण ५ मीटर, वजन सुमारे १४५ किलो. म्हणजे तुम्ही आणि तुमचा पार्टनर मिळून जेवढे भराल, जवळपास तेवढीच बोट!

हा आकडा लक्षात ठेवा. कारण सगळी गंमत आणि सगळी रिस्क त्यातच आहे. बोट हलकी, शीड मोठं. वारा आला की ही पळते, आणि वारा जास्त आला की ही कलंडते. मधल्या दोन-तीन सेकंदांत तुम्ही काय करता, यावर सगळं अवलंबून.

'बॉस, आपल्याकडे समुद्र कुठाय?'

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकर आता म्हणतील, आम्हाला कशाला सांगताय? सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. गेटवेला पोचेपर्यंतच अर्धा रविवार संपतो. मान्य. पण पाण्याशी आपलं नातं नाही असं मात्र म्हणू नका. आपल्या उशाशी वाहणारी उल्हास नदी पुढे कल्याणला जाऊन खाडी होते. याच कल्याणमध्ये, १६५७ साली कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर, शिवाजी महाराजांनी जहाजं बांधायला घेतली. दुर्गाडीच्या पुलावरून जाताना खाली जी खाडी दिसते ना, तीच ही. आणि २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा हजाराहून जास्त प्रवाशांची सुटका करायला रबरी बोटी आणाव्या लागल्या, हेही आपण विसरलेलो नाही. त्या दिवशी नदीनेच दाखवून दिलं की होडी हा काही फक्त कुलाब्याच्या श्रीमंतांचा विषय नाही.

हां, बारवी धरणात जाऊन प्रॅक्टिस करायचं डोक्यात आणू नका. ते आपलं पिण्याचं पाणी आहे. शिकायचं तर मुंबई बंदराच्या परिसरात, ट्रेनरसोबत, आणि पावसाळा सोडून. सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. शाळेतल्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, आठवतात? दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे. सकाळी पाणी शांत असतं, दुपारी हेच वारे अंगात येतात. म्हणजे सकाळी जी दोरी पायाखाली पडली तरी काही बिघडलं नव्हतं, तीच दुपारी महागात पडते.

गॅलरीतली युनिव्हर्सिटी

दोऱ्यांची भानगड समजून घ्यायला कुठल्याही क्लबात जायची गरज नाही. घरच्या गॅलरीत जा. छताला कपडे वाळत घालायचे दांडे आहेत ना? प्रत्येक दांड्याला पुली, पुलीतून दोरी, दोरी खाली भिंतीवरच्या हुकाला गुंडाळलेली. सहा दांडे, सहा दोऱ्या, सगळ्या पांढऱ्या. आई सांगते, 'अरे, तिसरा दांडा खाली घे', आणि तुम्ही ओढता पाचवा. ओल्या चादरीसकट!

बोटीवर हेच, फक्त दांड्याच्या जागी शीड. शीड वर चढवायची दोरी म्हणजे हॅलयार्ड. शीड चढलं की हिचं काम संपलं, पण उरलेली लांबलचक शेपटी डोलकाठीच्या पायाशी पडून राहते. दुसरी मेनशीट. नावात 'शीट' असलं तरी ही दोरीच. मोठं शीड आत ओढायची किंवा बाहेर सोडायची ती हिच्याने. कोकणातल्या गलबतांवर या दोरीला 'दामण' म्हणत. तिसरी जिबशीट, पुढच्या छोट्या शिडाची. मग ट्रॅव्हलर, जो मेनशीटची खालची पुली डावी-उजवीकडे सरकवतो. डाउनहॉल आणि आउटहॉल, शिडाचा कापडी पसारा ताणून सपाट करायला. शिवाय सुकाणूची पाती वर-खाली करायच्या बारीक दोऱ्या. एवढं सगळं एका डबल बेडपेक्षा फार मोठ्या नसलेल्या कापडावर, आणि त्याच कापडावर दोन माणसं गुडघ्यांवर रांगतायत. गुंता होणार नाही तर काय होईल?

आता यातला खरा फंडा ऐका. मेनशीट पुलींमधून पाच-सहा फेरे घेऊन येते. त्यामुळे जोर कमी लागतो. पण फुकट काही मिळत नाही. सहा फेऱ्यांच्या पुलीत शीड एक मीटर आत घेतलं, की सहा मीटर दोरी तुमच्या मांडीवर जमा होते. आणि उलट? शीड एक मीटर बाहेर सोडायचं तर ती सहाच्या सहा मीटर दोरी पुलींमधून सुर्रकन परत जायला हवी. मध्ये एक वेटोळं, एक गाठ, एक गुडघा आला की संपलं. गाठ पुलीच्या तोंडाशी अडकते, शीड आहे तिथेच राहतं आणि वारा आपलं काम चालू ठेवतो.

म्हणजे दोऱ्या नीट ठेवायच्या त्या शोसाठी नाही. घट्ट धरता याव्यात म्हणूनही नाही. धरायला दातेरी क्लीट आहेच, जबड्यात दोरी दाबली की पकडून ठेवते. दोऱ्या नीट ठेवायच्या त्या पाहिजे त्या क्षणी सोडता याव्यात म्हणून.

दोन सेकंदांची गोष्ट

आमच्या बॅचला उल्हासनगरचा एक मुलगा होता. बँकेत नोकरी, सॉलिड फिट, पोहायला एक नंबर. दुसऱ्याच रविवारी त्याच्या हातात मेनशीट आली. ट्रेनर म्हणजे पन्नाशीचे एक काका, मूळचे रेवसकडचे, आयुष्य पाण्यात गेलेलं. पठ्ठ्या जोशात होता, हल पाण्याबाहेर यायला लागला होता, आम्ही मागच्या सेफ्टी बोटीतून शिट्ट्या मारत होतो. काका मात्र हलकडे बघतच नव्हते. ते त्याच्या पायाकडे बघत होते.

'दादा, पाय कुठंय तुमचा?'

'काका, बघा ना, कसली उडतेय!'

'उडूद्या. पाय उचला आधी. दोरीवर उभे आहात.'

तेवढ्यात झोत आला. त्याने मेनशीट क्लीटमधून झटक्यात सोडवली, अगदी शिकवलं तसं. दोरी हातभर सरकली आणि थांबली, कारण पुढचं वेटोळं त्याच्याच टाचेखाली. शीड सुटलंच नाही. हल वर, आणखी वर, आणि मग दोघंही पाण्यात. डोलकाठी आडवी. लाइफ जॅकेट होतं, पाणी कोमट होतं, सेफ्टी बोट जवळ होती. दहा मिनिटांत बोट सरळ झाली आणि सगळे हसले. पण एक गोष्ट कुणाच्या नजरेतून सुटली नाही. पाण्यात पडल्यावर त्याने सगळ्यात आधी चेहरा पुसला नाही. घोट्याभोवतीचा दोरीचा वेढा काढला. तो वेढा सैल होता म्हणून निघाला.

काका नंतर चहा पिताना एवढंच म्हणाले, 'वारा कुणाला पाडत नाही हो. अडकलेली दोरी पाडते.'

लोकलवाल्यांना सोपं जाईल असं

सेलिंगमधल्या अर्ध्या सवयी आपल्याला आधीच आहेत. विश्वास नाही बसत? संध्याकाळच्या बदलापूर फास्टमध्ये ज्याला कल्याणला उतरायचंय, तो कल्याण आल्यावर उठतो का? छे! तो डोंबिवलीलाच दाराकडे सरकायला लागतो. बॅग पुढे घेतो, पट्टा कुणात अडकला नाही ना बघतो, 'कल्याण का?' विचारून ठेवतो. स्टेशन आल्यावर तयारीला लागणारा माणूस उल्हासनगर, नाही तर अंबरनाथलाच उतरतो.

बोटीची दिशा पालटणं, म्हणजे टॅक, हेच कल्याण समजा. पालटताना दोघांनाही एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला रांगत जायचं असतं. त्याच वेळी शीड डोक्यावरून जातं, जिबशीट एका बाजूला सोडून दुसऱ्या बाजूला ओढायची असते. त्या गोंधळात दोरी आवरायला वेळ नसतो. म्हणून दोऱ्या आवरायच्या त्या टॅकच्या आधी. 'रेडी?' या प्रश्नाचा खरा अर्थ तोच आहे. 'हो' म्हणण्याआधी खाली बघा. मेनशीटची शेपटी मोकळी आहे? जिबशीटवर कुणी बसलेलं नाही? हॅलयार्ड पिशवीत आहे? मग म्हणा 'रेडी'.

तर करायचं काय? सात सोप्या गोष्टी

१. गुंडाळू नका, घड्या घाला. वापरात असलेली मेनशीट गोल गुंडाळून ठेवली की तिच्यात पीळ बसतो आणि सुटताना वेटोळं तसंच पुलीपाशी जाऊन अडकतं. त्याऐवजी ती नागमोडी, सैल घड्यांमध्ये पडू द्या. जी दोरी आधी जाणार ती सगळ्यात वर.

२. जिचं काम संपलं तिला आत टाका. हॅलयार्डची शेपटी ट्रॅम्पोलिनवरच्या कप्प्यात गेलीच पाहिजे. कप्पा फाटला असेल किंवा नसेलच, तर जाळीच्या कापडाची पिशवी शिवून घ्या. जाळीची अशासाठी, की पाणी साठायला नको. आणि शिवण्याच्या बाबतीत उल्हासनगरकरांना आम्ही काय सांगणार? जीन्सला पाच खिसे लावणाऱ्या कारागिराला एक दोरीची पिशवी म्हणजे चहा संपेपर्यंतचं काम.

३. रंग वाटून घ्या. मेनशीट एका रंगाची, जिबशीट दुसऱ्या, डाउनहॉल तिसऱ्या. कुठला रंग कशाला, असा जगभर एकच नियम नाही, तुमच्या बोटीवर ठरवा आणि पाळा. 'ती ओढ' यापेक्षा 'लाल सोड' हे वाऱ्याच्या आवाजात लवकर कळतं.

४. इलॅस्टिक लावा. ट्रॅम्पोलिनच्या खालून बारीक रबरी दोरी बांधून तिला सैल पडणाऱ्या कंट्रोल लाइनची शेपटी जोडली, की ढिली दोरी आपोआप खाली ओढली जाते. जास्त खर्च नाही, डोकं फार नाही, आणि निम्मा पसारा गायब.

५. मागे लक्ष ठेवा. मेनशीटची शेपटी ट्रॅम्पोलिनच्या मागच्या कडेवरून पाण्यात घसरते आणि सुकाणूच्या पात्यात अडकते. बोट वळेनाशी झाली, तर आधी मागे वळून बघा.

६. दोरी हाताला गुंडाळू नका. कधीच नाही. हात दुखतो म्हणून मनगटाभोवती वेढा घेतला, तर तो वेढा झोताच्या वेळी सुटत नाही. हात दुखतो तर ग्लोव्ह्ज घाला. आणि लाइफ जॅकेटला एक छोटी, टोक बोथट असलेली सुरी असू द्या. वापरायची वेळ येऊ नये म्हणून दोऱ्या नीट ठेवायच्या, पण आलीच वेळ तर सुरी घरी नको.

७. आंघोळ घाला. समुद्राचं पाणी सुकलं की मिठाचे कण दोरीत राहतात. दोरी कडक होते, आतून घासली जाते, पुलीतून नीट पळत नाही. दिवस संपला की गोड्या पाण्यात बुचकळा, सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेली दोरी हळूहळू कमजोर होते. पीळ बसलाच असेल तर एक टोक वर बांधून ती लटकू द्या, पीळ स्वतःच उलगडेल. मग आठच्या आकारात, एक फेरा इकडे, एक फेरा तिकडे, असं गुंडाळून टांगा. विणलेल्या दोरीला अशाने पीळ बसत नाही.

दोरी बदलायची वेळ आली, तर बाजारातली कुठलीही सुतळी उचलू नका. शीड चढवायला न ताणणारी दोरी लागते, हातात धरायच्या शीटला मऊ आणि साधारण ८ ते १० मिलिमीटर जाड. नायलॉन ताणलं जातं, म्हणून ते नांगराला चांगलं, शिडाला नाही. आणि दोरी म्हटलं की सगळं इम्पोर्टेडच असतं असंही नाही. पुण्याच्या गरवारेंची कंपनी १९७६पासून सिंथेटिक दोर बनवतेय, कोळीवाड्यात विचारा, नाव माहीत असतं.

एकट्याने, जगाभोवती

दोरीशिस्तीचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच नौदलातलं आहे. कमांडर दिलीप दोंदे. ऑगस्ट २००९मध्ये ते मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकटे निघाले आणि मे २०१०मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. एकट्याने हा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली ही बोट कॅटामरान नव्हती, एकाच हलची आणि १७ मीटर लांब. पण मुद्दा तोच. एकटा माणूस, रात्रीचा अंधार, दक्षिणेकडचे खवळलेले समुद्र आणि डेकभर दोऱ्या. तिथे 'अरे, जरा ती दोरी बघ रे' म्हणायला दुसरं कुणी नसतं. कुठली दोरी कुठे आहे, हे अंधारात हाताला माहीत असावं लागतं. आपल्या गॅलरीत दिवसाउजेडी पाचवा दांडा खाली येतो, त्यावरून अंदाज घ्या!

आपल्याला जगाभोवती जायचं नाहीये. आपल्याला रविवारी दुपारी गेटवेसमोर दोन तास मजा करायचीय आणि सोमवारी ८:१२ पकडायचीय, दोन्ही घोटे शाबूत ठेवून. त्यासाठी खूप ताकद लागत नाही, महागडे बूट लागत नाहीत. दर पाच मिनिटांनी एकदा खाली बघायची सवय लागते. वर शीड कितीही झक्कास फुगलेलं असो, नजर एकदा पायाशी गेली पाहिजे.

आणि सीझन सुरू व्हायची वाट कशाला बघता? आज संध्याकाळी घरी गेलात की गॅलरीतल्या सहा दोऱ्यांना सहा रंगांच्या टेपचे तुकडे लावा. मग आईला म्हणा, 'तिसरा दांडा ना? हा घे.' सेलर व्हाल तेव्हा व्हाल, घरात मात्र आजच हिरो!